पर्सी कर्नोंची खुर्ची

"अंतर नावाची गोष्ट आजपासून या जगात उरलेली नाही," असं हार्टली ट्रेगेन्झा यांनी एका सोमवारी न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं.

"मग ते मीठ इकडे येऊ दे," टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून त्यांच्या पत्नी एल्वाबाई म्हणाल्या.

मीठ आपणहून आलं नाही. हार्टलींना उठावं लागलं. विज्ञान आणि संसार समोरासमोर आले की विज्ञानालाच उठून मीठ द्यावं लागतं. पण हार्टली खचणारे नव्हते. पोर्ट पेन्रॉयच्या धान्यगोदामाच्या काट्यावर त्यांनी एकतीस वर्षं ट्रक तोलले होते आणि त्यांनी सांगितलेलं वजन कुणी पुन्हा तपासून पाहिलं नव्हतं. असा माणूस अंतर उरलं नाही म्हणाला, की अंतरानं निमूट निघून जावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

हे अंतर म्हणजे आमच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्ट पेन्रॉय ते पार उत्तरेला, दुसऱ्या राज्यातलं केर्न्स. रस्त्यानं तीन हजार किलोमीटरला थोडंसं कमी. त्याच्या त्या टोकाला महिन्याभरापासून पर्सी कर्नो राहत होते. पर्सींचा गुडघा बदलला, तेव्हा त्यांची मुलगी ग्लेनिस आली आणि एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला आता एकटं ठेवणार नाही, असं म्हणून त्यांना नव्या गुडघ्यासकट घेऊन गेली. तिचं चुकलं असं कुणीच म्हणत नव्हतं. पण तिनं नुसते वडील नेले नव्हते, हार्टलींचा भिडू नेला होता.

आमच्याकडे युकर खेळतात. चौघांचा पत्त्यांचा डाव, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला पाच पत्ते, आणि हुकमाचा गुलाम राजा-राणीच्या डोक्यावर बसतो. खाणकामगारांच्या गावात हा खेळ का रुजला, ते वेगळं सांगायला नको. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता क्लबच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर हार्टली आणि पर्सी विरुद्ध एल्वाबाई आणि इडा बोलिथो, असा सामना अकरा वर्षं चालला होता. नवरा-बायको विरुद्ध बाजूंना बसले की संसार टिकतो, असं एल्वाबाईंचं मत होतं. आठवड्यातून एकदा तरी नवऱ्याला चारचौघांत हरवता येतं.

आता ती चौथी खुर्ची रिकामी झाली होती, आणि क्लबच्या नियमाप्रमाणे रिकामी खुर्ची प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाते. यादीत एकच नाव होतं. क्लबचे सेक्रेटरी नेव्हिल ग्रिग.

नेव्हिल वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला टाळता येतं. नेव्हिलना एवढीच खोड होती की हात संपला, की तो कसा खेळायला हवा होता हे ते समजावून सांगत. आधी तुम्ही कसा खेळायला हवा होता, मग तुमच्या भिडूनं, मग तुमचे वडील असते तर त्यांनी काय केलं असतं. त्यामुळे बारा वर्षं त्यांना कुठल्याच टेबलावर जागा मिळाली नव्हती. ते टेबलांमधून फिरत, खिडक्या उघडत, बंद करत आणि नियम सांभाळत.

त्या सोमवारच्या आदल्या रात्री हार्टलींनी केर्न्सला फोन लावला होता.

"काय करतोस रे दिवसभर?"

"पंख्याखाली बसतो," पर्सी म्हणाले.

"आणि संध्याकाळी?"

"व्हरांड्यात दुसरा पंखा आहे." मग जरा थांबून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या खुर्चीवर कोण बसलं रे?"

"कुणी नाही."

"नेव्हिल?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही," हार्टली म्हणाले. मग पर्सींनी नाक शिंकरलं. अंतर संपवायचं, हे हार्टलींनी ठरवलं ते त्या शिंकरण्यावर.

पर्सींना टॅबवर बोलवायचं आणि तो टॅबच खुर्चीत बसवायचा, असा बेत होता. टॅब इडाबाईंचा होता. इडाबाई त्र्याऐंशीच्या. त्या रोज टॅबवर आपल्या बहिणीशी तासभर बोलत. बहीण दोन गल्ल्या सोडून राहत होती, पण प्रत्यक्ष भेटल्या की त्यांची भांडणं होत.

पहिल्या दिवशी पर्सींनी आपला टॅब मांडीवर आडवा ठेवला, त्यामुळे पडद्यावर वीस मिनिटं छताचा पंखा फिरताना दिसत होता.

"रंग बरा आलाय याला," एल्वाबाई म्हणाल्या. "बारीक मात्र झाला."

"पर्सी, तुझं तोंड दाखव!" हार्टली ओरडले.

"तुमची तोंडं मला छान दिसताहेत," पंखा म्हणाला. "हार्टली, नाकातले केस काप."

गावात बातमी पसरायला दुपार लागली नाही. खाटकानं सांगितलं, टॅब खुर्चीवर ठेवताना खाली उशी घ्या, नाहीतर पर्सी टेबलाखालीच बसल्यासारखे दिसतील. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं, दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून लांब बघा. लांब काही उरलेलंच नाही, असं हार्टलींनी त्यांना समजावलं; बाईंनी त्यांना रक्तदाब तपासायचं सुचवलं. चर्चमधल्या दोघींनी विचारलं की पडद्यातून सर्दी येते का, कारण पर्सींना सारखी व्हायची. हार्टलींनी सगळ्यांचे आभार मानले आणि शेडमध्ये जाऊन लाकडाची एक खाच पाडलेली पट्टी बनवली. तिच्यात पाच पत्ते उभे राहत. तोंडं टॅबकडे, पाठी जगाकडे. एल्वाबाईंनी ती पाहून "चमचे ठेवायला बरी आहे" असं प्रमाणपत्र दिलं.

आणि मग नेव्हिलचं पत्र आलं. नेव्हिल समोरच्याच घरात राहत, पण पत्र त्यांनी पोस्टानं पाठवलं होतं.

सभासद खेळताना 'खुर्चीत उपस्थित' हवा, असा नियम होता. टॅब हा सभासद नव्हे. हार्टलींनी उत्तर लिहिलं की टॅब सभासद नाही, पण टॅबमध्ये सभासद आहे, आणि टॅब खुर्चीत आहे. यावर कमिटीची बैठक झाली. पाचजणांच्या कमिटीत तिघांना ऐकू कमी येत असल्यामुळे ठराव बहुमतानं पास झाला. मात्र अटी नेव्हिलनी लिहिल्या.

हॉलमध्ये लावायच्या प्रत्येक विजेच्या वस्तूला तपासणीचं लेबल लागतं. चार्जरला ते नव्हतं. लेबल लावणारा इलेक्ट्रिशियन गावात दोन महिन्यांतून एकदा येतो, आणि तो नुकताच येऊन गेला होता. हार्टली त्याला गाठायला शेजारच्या गावी गेले, तर तो मेंढ्यांच्या गोठ्यात मोटार तपासत होता. त्यानं आठ सेकंदांत चार्जर तपासला, पिवळं लेबल गुंडाळलं आणि मग हार्टलींना मेंढी धरायला लावली. त्या मेंढीनं त्यांची एकुलती एक चांगली विजार वापरण्याच्या यादीतून कायमची कमी केली.

वायफायचा पासवर्ड होता, पण तो सुरक्षित राहावा म्हणून एका पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवला होता आणि तिजोरीची किल्ली सुरक्षित राहावी म्हणून कुठे ठेवली, ते कुणाला आठवत नव्हतं. ती तीन आठवड्यांनी चहाच्या मोठ्या किटलीत सापडली. तोपर्यंत तिचा चहा सगळ्या गावानं घेतला होता.

शेवटची अट अशी, की पाच किलोमीटरपेक्षा लांबून येणाऱ्या माणसानं दारातल्या वहीत स्वतःच्या हातानं सही करायची. पर्सींनी केर्न्समध्ये कागदावर सही करून ती टॅबपुढे धरली. नेव्हिलनी चष्मा लावून पाहिली.

"ही सहीची प्रतिमा आहे," ते म्हणाले.

"तू सेक्रेटरीची प्रतिमा आहेस," पर्सी म्हणाले.

शेवटी पर्सींनी तीस चिठ्ठ्यांवर सह्या करून पोस्टानं पाठवल्या आणि दर गुरुवारी हार्टली दारात उभे राहून एक चिठ्ठी वहीत चिकटवू लागले. काट्यावर एकतीस वर्षं मान राखलेल्या माणसानं, सत्तरी उलटल्यावर, डिंकाची बाटली खिशात घेऊन फिरावं! पण खुर्ची टिकली. एका अटीवर. हंगाम संपेपर्यंत ही सोय तात्पुरती. आणि डाव सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत खेळाडू हजर नसला, की खुर्ची यादीतल्या पहिल्या नावाला. कायमची.

पत्ता काढून टेबलावर टाकायला मात्र हात हवेत, आणि ते तटस्थ माणसाचे हवेत, असं नेव्हिलनीच सुचवलं आणि तटस्थ म्हणून तेच एक स्टूल घेऊन बसले. "डावीकडून दुसरा," असं पर्सींनी म्हणायचं आणि नेव्हिलनी सुस्कारा सोडून तो पत्ता टाकायचा. बोलायची त्यांना बंदी होती. त्यामुळे त्यांचे सुस्कारे फार बोलके झाले.

असा हिवाळा गेला. दोनला आमचा डाव सुरू व्हायचा, तेव्हा केर्न्सच्या घड्याळात अडीच वाजलेले असत. तिकडचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे. हे हार्टलींनी पर्सींना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "अर्धा तास पुढे. हा भूगोल आहे. तो बदलत नाही."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर पुढे सरकवतात. त्या रविवारी चर्चला जाण्याआधी हार्टलींनी आपली सरकवली. नेव्हिलनी हॉलमधलं सरकवलं. आणि तिकडे केर्न्सला, पन्नास वर्षांच्या सवयीनं, पर्सींनी ग्लेनिसच्या घरातली आठही घड्याळं, ओव्हनच्या घड्याळासकट, इमानदारीनं तासभर पुढे सरकवली.

फक्त केर्न्समध्ये घड्याळं सरकवत नाहीत. तिथे बारा महिने एकच वेळ.

सोमवारी ग्लेनिस कामावर तासभर आधी पोचली आणि बंद दारापुढे उभी राहिली. जावईबापूंनी कोळंबीच्या बोटीवर जाऊन झोपलेल्या मालकाला उठवलं. संध्याकाळी ग्लेनिसनं आठही घड्याळं पुन्हा मागे केली आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, घड्याळांना हात लावायचा नाही." पर्सींनी लावला नाही. खरं तर त्यांची चूक राहू दिली असती तर सगळं आपोआप बरोबर झालं असतं. पण ग्लेनिस सुशिक्षित होती.

त्या गुरुवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. त्यासाठी चौघांचं टेबल हॉलच्या पुढच्या बाजूला, ढालींच्या कपाटाजवळ मांडलं होतं आणि चाळीसेक माणसं खुर्च्या घेऊन भोवती बसली होती. दोनला पाच कमी असताना हार्टलींनी टॅब उशीवर उभा केला, डिंक झाकणबंद केला आणि बटण दाबलं.

पडदा काळाच.

दोनला दोन कमी. हार्टलींनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा वाजून वाजून बंद. ग्लेनिसचा नंबर लावला, तर तिचा आवाज म्हणाला, निरोप ठेवा.

"संडासात असेल," एल्वाबाई म्हणाल्या, पण पत्ते पिसता पिसता त्यांचे हात थांबले होते. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा फोन वाजत राहिला की त्याच्या वयाची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. सगळे छताकडे बघू लागले.

नेव्हिलनी खिशातून घड्याळ काढलं. "मला यात आनंद नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच असावं, कारण त्यांचाही आवाज बसला होता. "पण डाव सुरू झाला की पंधरा मिनिटं."

"नेव्हिल," इडाबाई उठल्या, "रविवारी हे भिंतीवरचं घड्याळ तू पुढे केलंस?"

"नियमाप्रमाणे."

"आणि केर्न्समध्ये कुणी केलं?"

हार्टलींनी तोंड उघडलं, भूगोलाबद्दल काहीतरी म्हणायला, आणि मिटलं. ओठ हलवत त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला, कारण पहिल्यांदा आला तो त्यांना आवडला नव्हता.

"तिथलं घड्याळ आता आपल्या अर्धा तास मागे आहे," ते हळूच म्हणाले. "तो त्याच्या अडीचला येईल. म्हणजे आपल्या तीनला."

"एकतीस वर्षं ट्रक तोलले," एल्वाबाई म्हणाल्या. "देवच जाणे गावानं काय खाल्लं."

"तीन म्हणजे मुदत संपल्यावरही पंचेचाळीस मिनिटं उशीर," नेव्हिल म्हणाले. "इडा, तुम्हा दोघींना हा सामना न खेळता मिळतो. ढाल तुमची."

"गप्प बस," इडाबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं मी त्या माणसाला हरवायला येते. खुर्चीला हरवायला नाही. डाव सुरू कधी होतो, नियम नऊ?"

नेव्हिलना नियम नऊ पाठ होता. म्हणजे त्यांना सगळेच पाठ होते. "टेबल रिकामं आणि चहाची भांडी आवरलेली असल्यावर," ते म्हणाले, आणि मग काय म्हणून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

"चहा!" इडाबाईंनी हाक दिली.

चहा नेहमी डावानंतर असतो. त्या दिवशी तो आधी आला आणि सामन्याच्या टेबलावरच मांडला. स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव आले, साय आली, नारळ लावलेले केकचे चौकोन आले. अडीचला भांडी आवरायला नेव्हिल उठले तेव्हा इडाबाईंनी त्यांच्यापुढे क्वांडाँगच्या मुरंब्याची बरणी ठेवली. हे आमच्याकडचं तांबडं, आंबट रानफळ. त्याचा इडाबाईंचा मुरंबा नेव्हिलना बारा वर्षांत कुणी वाढला नव्हता. कारण तो टेबलावर बसणाऱ्यांनाच मिळे.

"बस," त्या म्हणाल्या. "स्टुलावर नको. खुर्चीवर बस."

नेव्हिल बसले. एक स्कोन झाला. दुसरा झाला. चौथ्याला त्यांनी स्वतःहून म्हटलं, "नियम नऊ अगदी स्पष्ट आहे. भांडी आवरलेली हवीत." आणि कप आणखी थोडा पुढे केला.

तीनला दोन मिनिटं कमी असताना पडदा उजळला. पर्सी कर्नो. भांग पाडलेला, टाय बांधलेला, कोटाला फूल.

"दोन मिनिटं आधीच आलो," ते म्हणाले. मग त्यांनी चाळीस माणसांकडे पाहिलं. "तुम्ही सगळे असे का बघताय? कोण गेलं?"

"फोन का नाही उचललास, गाढवा?" हार्टलींचा आवाज जरा चिरकला.

"मोठ्या सामन्याआधी मी कुणाशी बोलत नाही," पर्सी म्हणाले. "एकाग्रता."

एल्वाबाईंनी पदर नसल्यामुळे टेबलावरच्या चहाच्या फडक्यानं डोळे पुसले आणि मग त्याच फडक्यानं टेबल. डाव सुरू झाला.

पण पर्सींचं काहीतरी बिनसलं होतं. पत्ते लाकडी पट्टीत लावले, की ते एकदा नीट बघत आणि मग डोळे घट्ट मिटून घेत.

"काय पडलं?" ते विचारत.

"इडाचा किलवर राजा," हार्टली सांगत.

"उजवीकडचा पहिला." डोळे मिटलेलेच.

"झोपलेला सभासद उपस्थित धरावा का," नेव्हिल म्हणाले, पण सवयीनं.

"झोपलेलो नाही. ऐकतोय," पर्सी म्हणाले. "पण हार्टली तोंडातल्या तोंडात बोलतो. नेव्हिल, तू सांग. काय पडतंय ते मोठ्यानं सांग."

नेव्हिलनी आजूबाजूला पाहिलं. बारा वर्षांत त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, आणि मग त्या हॉलनं जे ऐकलं ते पोर्ट पेन्रॉयमध्ये अजून बोललं जातं. घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन करावं तसं नेव्हिल बोलू लागले. एल्वाची बदाम दश्शी बिचकत बिचकत कशी उतरली, इडाची राणी कशी कंबरेवर हात ठेवून आली, हार्टलीनं गुलाम हातात धरून कसा नको तितका विचार केला. मागच्या खुर्च्या पुढे आल्या. ज्या तिघांना ऐकू कमी येत होतं त्यांनाही ऐकू आलं.

नऊ-सहा असे इडाबाई आणि एल्वाबाई पुढे होत्या. दहाला सामना संपतो. शेवटचे पत्ते वाटले गेले. पर्सींनी ते एकदा पाहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हुकूम इस्पिक. एकटा खेळतो."

एकटा खेळतो, म्हणजे भिडूनं आपले पत्ते उलटे ठेवून गप्प बसायचं. मेंढी, डिंक, किटलीतली किल्ली, सगळं ज्यांनी सोसलं, त्या हार्टलींनी आपले पाच पत्ते टेबलावर उलटे ठेवले आणि स्वतःच्या विजयाचे ते प्रेक्षक झाले. पाचही हात एकट्याला मिळाले तर चार गुण.

"मधला," पर्सी म्हणाले. हुकमाचा गुलाम. "उजवीकडचा." "डावीकडचा." नेव्हिलचा आवाज चढत गेला. चौथा हातही पर्सींचा. पाचव्याला उतारी पर्सींची होती, पण इडाबाईंनी न राहवून आपला जपून ठेवलेला शेवटचा पत्ता आधीच टाकला, चौकट एक्का, आणि नेव्हिल स्टुलावर उभे राहिले. "आणि पर्सी कर्नोंच्या पट्टीत उरलीय," त्यांनी एक पूर्ण श्वास घेतला, "हुकमाची नव्वी!"

हॉल उठून उभा राहिला. इडाबाईंनी टेबलावरचे पत्ते उधळले, नेव्हिलना मिठी मारली, आणि कुणाला मिठी मारली ते लक्षात आल्यावरही सोडलं नाही. नेव्हिलनी स्टुलावरूनच जाहीर केलं की सेक्रेटरीच्या अधिकारात ही खुर्ची पर्सी कर्नोंची आहे, कायमची, आणि आपलं नाव ते यादीतून काढून घेत आहेत, कारण त्यांना आता सवड नाही.

मग हार्टली उठले. ते बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी माणसाच्या मैत्रीबद्दल सांगितलं, तीन हजार किलोमीटरबद्दल सांगितलं, म्हातारपण म्हणजे एकेक खुर्ची रिकामी होत जाणं नव्हे, हे आज या टेबलानं सिद्ध केलं, असं म्हणाले. एल्वाबाईंनी दुसरं फडकं घेतलं. तिकडे केर्न्समध्ये पर्सी डोळे मिटूनच ऐकत होते आणि त्यांच्या गालावरून काहीतरी ओघळलं.

"पर्सी," हार्टली भरल्या आवाजात म्हणाले, "दोन शब्द बोल."

पर्सींनी एक डोळा किलकिला केला.

"पुढच्या वेळी मला वीतभर डावीकडे ठेवशील का रे?" ते म्हणाले. "इथून त्या ढालींच्या कपाटाच्या काचेत इडाचे सगळे पत्ते दिसतात. मिटून मिटून डोळ्यांना पाणी आलं."